कूलर एक, खोल्या दोन

पत्र थोडक्यात असं. (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, तरी कुणाला आपलंच वाटलं तर वाटू द्या.)

मुलगी 29 वर्षांची, नागपूरचीच, मिहानमध्ये नोकरी. चार वर्षांपासून स्थळं बघणं सुरू आहे, आतापर्यंत सतरा पाहायचे कार्यक्रम झाले. वडील पुढच्या वर्षी सरकारी नोकरीतून रिटायर होणार, त्याआधी हिचं उरकायचं असा घरात ठराव, आणि धाकट्या भावाचं ठरलंय पण थोरली राहिली म्हणून तेही अडून बसलंय. कॉलेजपासूनचा एक मित्र आहे, जीवाभावाचा, पण "तसलं काही नाही". त्यालाही लग्न नको, पण घरी 84 वर्षांची आजी, तिला नातसून बघायची आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच्या घरी आजीसोबत तिघांनी "मिस्टर अँड मिसेस 55" बघितला. पिक्चर संपला तसा मित्र म्हणाला, "आपण बी असंच करून टाकू ना बे, दोन वर्षांचं पॅकेज, मग शांततेत घटस्फोट." दोघं हसले. आठ दिवसांनी पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा हसले नाहीत. आता पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचं ठरलंय, बेसा साइडला जॉइंट लोनवर टू बीएचके बघून झालाय, दोघांना एकेक खोली, दोन्ही घरं खूश आहेत आणि दिवाळीनंतर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. तिचा प्रश्न एकच: "ताई, यात मी खरंच त्याच्या प्रेमात पडले तर? पिक्चरमध्ये पडतात तसं?"

अगं,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कारण तुझा मित्र "पॅकेज" हा शब्द कोणत्या टोनमध्ये म्हणाला असेल ते मला ऐकूच आलं, आपल्याकडचे पोट्टे लग्नाची गोष्ट पण ताडोब्याची ट्रिप ठरवल्यासारखी काढतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू आलं नाही, का ते पुढे सांगते.

आधी तुझा प्रश्न निकालात काढू. "तसलं काही नाही" हे तू पत्रात तीनदा लिहिलंस, मी तीनदा मान्य केलं. मनात खोल डोकावून बघ वगैरे मी म्हणणार नाही, 29 वर्षांच्या मुलीला स्वतःच्या मनातलं कळतं. आणि समजा पडलीस प्रेमात, तर पडलीस, नवऱ्याच्या प्रेमात पडणं हा नागपुरात अजून तरी गुन्हा नाही. मला धास्ती उलट्या बाजूची आहे. तू पडणार नाहीस, तोही पडणार नाही, आणि तरी सगळं बऱ्यापैकी चालून राहील. भांडण नाही, रडारड नाही, दोघं आपापले डबे घेऊन ऑफिसला जाताय, संध्याकाळी येताय, आणि दोन वर्षं संपतात. मग पॅकेज संपलं हे घरी सांगणार कोण आणि कोणत्या तोंडाने?

पिक्चर मी पण बघितलाय, किती वेळा ते विचारू नको. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, 1955 चा, गुरुदत्तने काढलेला आणि त्यानेच हिरो केलेला. मधुबाला श्रीमंत बापाची लेक, बाप मृत्युपत्रात लिहून गेलेला की एकविसावं पूर्ण झाल्यावर महिन्याच्या आत लग्न केलं तरच 70 लाख. तिची आत्या म्हणजे आपल्या ललिता पवार, पुरुष जातीवरच खार खाऊन असलेल्या, त्या एक बेकार व्यंगचित्रकार गाठतात आणि सौदा करतात की लग्न कर, पैसे घे, घटस्फोट दे, चालता हो. पुढे काय होतं ते तुला माहीतच आहे, एअरपोर्टवर संपतो.

गोड पिक्चर आहे, गाणी तर विचारूच नको. पण एक गोष्ट मला दर वेळी खुपते. बायकांच्या हक्काची सगळी भाषणं ललिताबाईंच्या तोंडी घातली आणि त्यांनाच खलनायिका केलं. ज्या वर्षी हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षीचा हा पिक्चर. ज्या हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं त्यातूनच तुकड्या-तुकड्यांनी पुढे हे कायदे झाले, आणि इकडे थिएटरात घटस्फोटाची भाषा करणाऱ्या बाईवर टाळ्या आणि हशा. वरून हिरो बायकोला तिच्या मर्जीविना गाडीत घालून गावी भावाकडे नेतो, आज कुणी नेलं तर रोमान्स पोलीस स्टेशनात संपेल. असो, विषय भरकटला, मधुबालाचं नाव निघालं की माझं असंच होतं.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या पिक्चरमध्ये त्या दोघांनी संसार कधी केला? आठवून बघ. लग्न लागतं आणि आत्या पोरीला नवऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नाही. गावाकडे जे थोडे दिवस जातात तिथेही चूल वहिनी सांभाळते, हे दोघं पाहुणेच. म्हणजे तुम्ही जे करायला निघालात, दोन वर्षं एका छताखाली, एका गॅस कनेक्शनवर, ते त्या पिक्चरमध्ये नाहीच. सोयीच्या लग्नाचे पिक्चर मी बरेच बघितलेत, देशी-विदेशी दोन्ही, आणि जवळपास सगळ्यात हाच भाग उडवलेला असतो, एक गाणं टाकतात आणि गाण्यात सहा महिने जातात.

तू लिहितेस टू बीएचके, दोघांना एकेक खोली. बरं. कूलर किती?

हसू नको, मी सिरियसली विचारतेय. आमचं लग्न झालं तेव्हा प्रतापनगरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर आणि खिडकीत बसवलेला एक लोखंडी कूलर होता. पहिला उन्हाळा. बाहेर 45 डिग्री, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या, आणि कूलरची टाकी रात्री दोन-अडीचला कोरडी व्हायची. पंपाचा आवाज बदलतो तेव्हा, पाणी असताना तो गुरगुरतो आणि संपलं की नुसता खरखरतो, वाळलेल्या गवतातून गरम वारा तोंडावर यायला लागतो. झोपेत दोघांनाही कळायचं आणि दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडायचो, की दुसरा उठेल आणि बादलीने भरेल. आमच्या संसारातलं पहिलं खरं बोलणं त्या कूलरवरून झालं, रात्री पावणेतीनला, भरलेली बादली मध्ये ठेवून. त्यात प्रेम होतं की नाही ते मला आजही सांगता येत नाही, पण सम तारखेला तो भरेल आणि विषम तारखेला मी, असं ठरलं, आणि 31 तारखेवरून दर वेळी वाद.

आता तुमचं घे. समजा दोन खोल्यांना दोन कूलर लावले, दोन्ही पगार आहेत, एसी पण लावाल. पण हे लग्न ज्या आजीसाठी चाललंय ती आजी नातसुनेच्या घरी चार दिवस राहायला येणार नाही का? येणारच. 84 वर्षांच्या बाईला नातसून बघायची आहे म्हणजे फोटोत नाही बघायची, तिच्या हातचं वरण खाऊन बघायची आहे. आजी आली की एक खोली आजीची. उरली एक खोली, एक कूलर, आणि तुम्ही दोघं. चार दिवसांचे पंधरा होतील, कारण तिला तिथे बरं वाटेल, आणि तू जशी लिहितेस त्यावरून तुलाही ती आवडते. ज्या माणसासाठी नाटक लावलं तेच माणूस विंगेत येऊन बसलं की नाटक थांबवायचं कसं?

सणवारांचा विचार केलाय? दिवाळसण, संक्रांतीचं वाण, तुझ्या सासरी महालक्ष्म्या बसत असतील तर नव्या सुनेला पहाटेपासून फुलोऱ्याला जुंपतील. मध्येच धोंड्याचा महिना आला तर तुझे बाबा जावयाला तेहतीस अनारसे आणि चांदीचं काहीतरी देतील. आणि वटसावित्रीला सात जन्म मागायला वडाला दोरा गुंडाळशील तेव्हा झाडाला काय सांगशील, की माझं दोनच वर्षांचं आहे, बाकीचं कॅरी फॉरवर्ड करू नको म्हणून? मी श्रद्धा-अंधश्रद्धा म्हणून बोलत नाहीये. लग्न तू एका मित्राशी करशील, पण दोन वर्षं चालवशील ते चाळीस माणसांशी, आणि स्टॅम्प पेपरवर त्या चाळीस जणांच्या सह्या नाहीत.

स्टॅम्प पेपरचं निघालंच आहे तर सांगते, इथे मात्र नीट लक्ष दे, कारण असाच कागद करू म्हणणारी तू एकटी नाहीस. "दोन वर्षांनी घटस्फोट घेऊ" असा लग्नाआधी केलेला करार कोर्टात टिकत नाही. पाचशेचा असो, पाच हजाराचा असो, नोटरी केलेला असो, सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून तो बाद. उलट पुढे कधी बिनसलंच तर तोच कागद तुमच्याच विरुद्ध कुणीतरी फडकवेल. आणि "शांततेत घटस्फोट" हा काय प्रकार असतो तेही बघून घे. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला एक वर्ष व्हायच्या आधी घटस्फोटाचा अर्जच साधारणपणे करता येत नाही. परस्पर संमतीने घ्यायचा तर किमान वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे (एकाच घरात राहून नवरा-बायको म्हणून राहत नव्हतो असंही कोर्ट मान्य करू शकतं, पण ते सांगताना घाम फुटतो), मग अर्ज, मग सहा महिने थांबणं. हे सहा महिने माफ होऊ शकतात असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय, पण ते कोर्टाच्या मर्जीवर. आणि शेवटच्या तारखेपर्यंत दोघांचीही संमती कायम लागते. एकाने जरी मान फिरवली, मला नको आता घटस्फोट, माझी आजी आजारी आहे, की संपलं.

तुमच्या पिक्चरमधल्या हिरोची गंमत आठवते? बायकोला सुटका हवी आहे असं वाटून तो स्वतःच्याच विरुद्ध खोटा पुरावा तयार करून आत्याच्या हातात देतो. तेव्हा हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट नव्हता, तो आला 1976 मध्ये, त्याआधी कुणाचा तरी दोष दाखवावाच लागायचा. आज कोर्टाला दोष दाखवायची गरज नाही. पण घरच्यांना? त्यांना कारण लागणारच. भांडण नाही, दारू नाही, मारहाण नाही, सासूचा जाच नाही, मग काऊन सोडून राहिली म्हणून आई विचारेल. तेव्हा तुम्हालाही खोटा पुरावा तयार करावा लागेल, दोघांपैकी एकाला वाईट ठरवावं लागेल, आणि तो तुझा जीवाभावाचा मित्र आहे. कोण होणार वाईट? हे ठरलंय का? माझा अंदाज, नाही ठरलं.

आता फ्लॅट. आपल्याकडे म्हणतात घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, तुम्ही दोन्ही एकाच झटक्यात बघायला निघालात, हिंमत आहे बाप्पा. जॉइंट होम लोनमध्ये दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार असतात, अर्ध्या-अर्ध्याला नाही, आणि तुमचा घटस्फोट झाला की नाही याच्याशी बँकेला काही घेणं नसतं. वीस वर्षांचं लोन आणि दोन वर्षांचं लग्न, हे गणित तुझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या मुलीला दिसलं नाही याचं मला नवल वाटलं. त्यात गंमत बघ, महाराष्ट्रात घर नुसत्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. म्हणजे सोयीचं लग्न इथे गैरसोयीचंच पडतंय. थोडा लहान घे, वन बीएचके घे, पण एकटीच्या नावावर घे.

आणखी एक, हे सगळ्याच बायकांनी वाचा, लग्न सोयीचं असो की प्रेमाचं. हिंदू वारसा कायद्यात, म्हणजे बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागतो, बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याला आणि मुलांना जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यानंतर कुठे तिच्या आईबापांचा नंबर लागतो. परत वाच, नवऱ्याच्या वारसांनंतर. आईबापाकडून आलेल्या मालमत्तेचं थोडं वेगळं आहे, पण पगारातून घेतलेला फ्लॅट हा असा जातो. तुझ्या कागदोपत्री नवऱ्याला, आणि तो नसला तर त्याच्या घरच्यांना. उपाय सोपा आहे, साध्या कागदावर मृत्युपत्र, दोन साक्षीदारांसमोर सही आणि त्यांच्या सह्या. पीएफचं नॉमिनेशनही लग्नानंतर नव्याने करावं लागतं, जुनं चालत नाही. ऑफिसात मिठाई वाटण्याआधी हे करायचं.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल की ताई सोयीच्या लग्नाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. तू जे सतरा कार्यक्रम केलेस ते काय प्रेमाचे होते? पगार, पॅकेज, स्वतःचं घर आहे का, शेती किती, मुलगी पुण्याला यायला तयार आहे का, सगळा सोयीचाच तर हिशेब. व्युत्पत्तीचं मला माहीत नाही, पण सोयरीक या शब्दात मला तरी आधी "सोय" ऐकू येते. माझं स्वतःचं लग्न पस्तीस मिनिटांत ठरलं. त्याला आईजवळ बसणारं कुणीतरी हवं होतं, मला एमए करायला नागपूरला यायचं होतं आणि आमच्या तालुक्याच्या गावातून एकटीला कुणी पाठवत नव्हतं. दोघांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात हे एकमेकांना सांगून टाकलं, त्याने थोडं लाजत, मी अजिबात न लाजता. सासूबाईंनाही माहीत होतं. माझी एमएची पुस्तकं त्यांनीच कव्हर घालून दिली, जुन्या कॅलेंडरची. सोय होती, पण ती घरात सगळ्यांना माहीत होती आणि तिला एक्सपायरी डेट नव्हती.

तुमच्या प्लॅनमध्ये मला खटकतं ते एवढंच, ती तारीख आणि ती लपवणं.

आणि म्हणूनच दुसऱ्यांदा वाचताना मला हसू आलं नाही. तुझ्या पत्रात, फ्लॅटच्या एरियाच्या आणि हॉलच्या भाड्याच्या मध्ये, एक ओळ आहे: "बाबांनी जीपीएफचा फॉर्म भरून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, तारीख पक्की झाली की ऑफिसात देणार." तू ती सहज लिहिलीस. माझे वडीलही सरकारी नोकरीत होते. जीपीएफचा, म्हणजे सरकारी पीएफमधून पैसे काढायचा, फॉर्म भरणं म्हणजे काय असतं ते मी बघितलंय, आधी पेन्सिलने भरतात, मग पेनने गिरवतात, "प्रयोजन" या रकान्यापुढे "मुलीचा विवाह" असं सुवाच्य अक्षरात लिहितात आणि मग दोन दिवस तो कागद कुणाला हात लावू देत नाहीत. तीस-पस्तीस वर्षं दर महिन्याला पगारातून कापलेले पैसे. ते तू अशा लग्नावर खर्च करू देणार ज्याची शेवटची तारीख तुला माहीत आहे आणि त्यांना नाही. प्रेमात पडशील की नाही यावर तू दोन पानं लिहिलीस, या फॉर्मवर एक ओळ. मला वाटतं उलटं व्हायला पाहिजे होतं. रागावू नको, पण हे मी बोलले नाही तर मग पत्र मला कशाला लिहिलंस.

मित्राबद्दल थोडं. त्याला लग्न "नको", एवढंच तू लिहितेस. काऊन नको? तू विचारलंस का? एखाद्याला लग्न नको असण्याची शंभर कारणं असतात, कुणी दुसरी आहे, कुणी दुसरा आहे, तब्येतीचं काही आहे, बापाचा संसार बघून धसका घेतलाय, किंवा खरंच नुसता एकटा राहायला आवडतं. यातलं कोणतंही असो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि मला सांगायची तर अजिबात गरज नाही. पण तुला माहीत असलं पाहिजे. कारण त्याचं कारण दोन वर्षांनी मिटणारं नसेल तर पॅकेज संपल्यावर त्याच्यावर पुन्हा तेच प्रेशर, आणि त्याला दुसरं पॅकेज शोधावं लागेल, या वेळी कदाचित अशा मुलीसोबत जिला हा सौदा आहे हेच माहीत नसेल. तिचाही विचार कर थोडा.

मग करायचं काय. मला तीन वाटा दिसतात आणि तिन्ही मला सारख्या आवडत नाहीत हे आधीच सांगते.

मला सगळ्यात आवडणारी म्हणजे नाही म्हणणं, आणि त्यासाठी भावाला हाताशी धर. त्याचं अडलंय ना? मग घरात त्याच्याएवढा मोटिव्हेटेड वकील तुला दुसरा मिळणार नाही. त्यानेच आईबाबांना म्हणायचं की ताई थांबू दे, माझं आधी करा. थोरलीच्या आधी धाकट्याचं केलं की लोक बोलतात, हो, बोलतात, आमच्या घरी झालंय, साधारण तीन महिने बोलतात, मग कुणाच्या तरी घरी दुसरं काहीतरी होतं. आणि एक लक्षात घे, जे बाबा आज मुलीचं लग्न होत नाही म्हणून रात्री कुशी बदलतात, त्यांच्या हातात तू दोन वर्षांनी मुलीच्या घटस्फोटाचे कागद देणार आहेस. तेव्हा ते रिटायर झालेले असतील, दिवसभर घरी, आणि कॉलनीतला प्रत्येक माणूस गेटपाशी थांबून विचारणार. आत्ताचं प्रेशर त्यापेक्षा मोठं आहे असं तुला खरंच वाटतं का?

दुसरी वाट, त्याच्याशीच लग्न करायचं, पण तारीख न टाकता आणि कुणापासून न लपवता. आम्ही मित्र आहोत, पटतं, त्या सतरा जणांपेक्षा हा बरा, म्हणून करतोय. अशी लग्नं होतात आणि बरी होतात, मला दोन-तीन माहीत आहेत. पण मग काही गोष्टी आधीच समोरासमोर बसून बोलाव्या लागतील, आणि त्या चॅटवर नाही, फुटाळा तलावावर जाऊन बसा एखाद्या संध्याकाळी, भुट्टा घ्या आणि बोला. शरीरसंबंध असणार की नाही, हे पहिलं, लाजायचं नाही. मूल हवं का, कधी, आणि एकाला हवं आणि एकाला नको असं झालं तर. मध्येच कुणी तिसरं आवडलं तर सांगायचं की गिळायचं. त्याची आई आजारी पडली तर सुट्टी कोण टाकणार, आणि तुझी पडली तर. पगार एकत्र की वेगळे. तुझे दागिने कुणाच्या लॉकरमध्ये (तुझ्या, यावर चर्चा नाही). दोघांनी आपापली उत्तरं आधी वेगळ्या कागदावर लिहून न्या आणि तिथे बदलून वाचा, कारण समोरच्याचं ऐकून आपलं उत्तर बदलायची सवय मुलींना जरा जास्तच असते. या कागदालाही कायद्यात किंमत नाही, पण तो वाचताना त्याचा चेहरा कसा होतो ते तुला दिसेल.

तिसरी वाट म्हणजे एवढं सगळं ऐकूनही पॅकेजच करायचं. मला नाही आवडत, पण तू सज्ञान आहेस. मग निदान एवढं कर. लग्न रजिस्टर पद्धतीने, विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, खर्च किरकोळ. हॉल नाही, पंगत नाही, जीपीएफ नाही, आहेर नाही, कुणी विचारलं तर साधं लग्न करायचंय म्हणून सांग, आजकाल ते लोकांना पटतं पण. जॉइंट लोन नाही, भाड्याने राहा, दोघांची बँक खाती वेगळी, मृत्युपत्र आधी. आणि स्टॅम्प पेपरवर पाचशे घालवण्यापेक्षा तेवढ्यात दोघं सावजी खाऊन या, निदान पोटात जाईल.

अशाच धाटणीची पत्रं मला अधूनमधून येतात, कुणाला व्हिसासाठी लग्न करायचंय, कुणाला सोसायटीत बॅचलरला घर देत नाहीत म्हणून. घरासाठी करणाऱ्यांनी अजून सहा महिने घर शोधा, मिळतं. व्हिसावाल्यांना वेगळं सांगते, अमेरिकेत केवळ इमिग्रेशनसाठी खोटं लग्न करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. पिक्चरमध्ये ऑफिसर नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून टूथब्रशचा रंग विचारतो आणि आपण हसतो, खऱ्या इंटरव्ह्यूत तेवढं हसू येत नाही.

तुझ्याकडे परत येते. हॉलचा ॲडव्हान्स अजून दिला नसेल तर थांबव, दिला असेल तर गेला समज, हॉलवाले परत देत नाहीत. पण तो फॉर्म आज रात्री ड्रॉवरमधून काढ आणि बाबांच्या हातात दे, म्हणावं बाबा, हा इतक्यात ऑफिसात देऊ नका, मला रविवारी बोलायचंय. रविवारी बोलताना भावाला शेजारी बसव आणि आईला किचनमध्ये जाऊ देऊ नको, ती विषय निघाला की चहाच्या निमित्ताने उठते, सगळ्याच आया उठतात. चहा तू आधीच करून ठेव.

आजीला माझा नमस्कार सांग, आणि तिच्याकडे पिक्चर बघायला जाणं बंद करू नको. आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठेही राहिलीस तरी कूलरचं गवत होळीच्या आधीच बदलून घे, नंतर कारागीर पंधरा-पंधरा दिवस मिळत नाही.

तुझी,
ताई